गाण्यातली जागा आणि यादीतली जागा

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची सम चुकली होती. हे माझं मत नाही, त्याचं स्वतःचंच तसं म्हणणं आहे. १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात क्रीम या त्याच्या तिघांच्या बँडने 'क्रॉसरोड्स' वाजवलं. ते ध्वनिमुद्रण त्याच वर्षी बाजारात आलं आणि तेव्हापासून गिटार शिकणाऱ्या पोरांनी त्यातल्या सोलोचा, म्हणजे गाण्याच्या मध्ये एकट्या गिटारने पुढे येऊन वाजवलेल्या तुकड्याचा, एकेक स्वर घोटून पाठ केला. गिटार वर्ल्ड या अमेरिकन मासिकाच्या वाचकांनी सर्वश्रेष्ठ शंभर सोलो निवडले तेव्हा हा दहावा आला. आणि क्लॅप्टनला विचारलं, तर तो म्हणाला की मला ते फारसं आवडत नाही, त्यात काहीतरी बिघडलंय. पहिली मात्रा कुठे आहे तेच मी बहुधा विसरलो असेन, त्या काळात असं वरचेवर व्हायचं.

त्याच यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाची कथा आणखी मजेशीर आहे. व्हॅन हेलन बँडच्या १९७८ सालच्या पहिल्या अल्बमवरचं 'इरप्शन' हे जेमतेम एक मिनिट बेचाळीस सेकंदांचं वादन मुळात रेकॉर्ड करायचं ठरलंच नव्हतं. क्लबातल्या एका कार्यक्रमासाठी एडी व्हॅन हेलन स्टुडिओच्या कोपऱ्यात हात मोकळे करत होता, ते कानावर पडलं आणि टेप सुरू झाली. त्यात एक चूक राहून गेली आहे, ऐकताना दर वेळी वाटतं की याहून बरं वाजवता आलं असतं, असं एडीने नंतर सांगितलं.

पहिल्या दहातल्या दोन सोलोंमध्ये वाजवणाऱ्याच्याच तोंडून चूक कबूल झालेली. आता काय करायचं? शुद्धलेखनासारखे अर्धा-अर्धा गुण कापायचे, आणि अकराव्याला वर ढकलायचं?

मला या याद्यांचा तिटकारा आहे असं समजू नका. उलट अशी यादी समोर आली की मी हातातलं काम टाकून वाचतो, आणि सवयीने शेवटून सुरुवात करतो, म्हणजे पहिला नंबर शेवटी कळतो. पण इतकी वर्षं त्या वाचून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. क्रमांक लावता यावा म्हणून आपण सोलो गाण्यातून उपटून काढतो, आणि उपटल्यावर हातात जे उरतं त्याची लांबी-रुंदी मोजत बसतो. आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्यांच्या बोलण्यात 'जागा' हा शब्द सहज येतो. 'काय जागा घेतली!' असं आपण म्हणतो, तेव्हा त्या चार सुरांइतकंच त्यांच्या आधी काय होतं, शब्द कुठे संपला होता, ताल कुठे होता, हे सगळं त्या उद्गारात आलेलं असतं. ती जागा सुटी करून कोणाला ऐकवली तर समोरचा म्हणेल, बरं, मग? रॉकमधला गिटार सोलो अशीच गाण्यातली जागा असते. तिला यादीतली जागा देण्याच्या नादात आपण गाण्यातली जागा हरवून बसतो, एवढीच माझी तक्रार आहे.

गिटार वर्ल्डच्या यादीतले पहिले दहा एकदा ओळीने बघू. लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन', मग 'इरप्शन', मग लिनर्ड स्किनर्डचं 'फ्री बर्ड', पिंक फ्लॉइडचं 'कम्फर्टेबली नम्ब', हेंड्रिक्सचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर', गन्स एन् रोझेसचं 'नोव्हेंबर रेन', मेटॅलिकाचं 'वन', ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया', ऑझी ऑसबॉर्नचं 'क्रेझी ट्रेन' आणि दहावं आपलं सम चुकलेलं 'क्रॉसरोड्स'. यातलं सगळ्यात जुनं १९६८चं, सगळ्यात नवं १९९१चं. म्हणजे तेवीस वर्षांच्या खिडकीत सगळं काही घडून गेलं. त्याआधी लोक बहुधा गिटारने चहा ढवळत असावेत. नंतर कितीतरी याद्या आल्या, पण हीच नावं त्यांत पुढे-मागे होत राहिली. पहिल्या आणि चौथ्याची अदलाबदल तर ठरलेलीच.

ही निवड कोणी केली तेही लक्षात घ्यायला हवं. गिटार वर्ल्ड हे वाजवणाऱ्यांचं मासिक. प्रत्येक अंकात गाण्यांचे टॅब छापलेले असतात, कुठल्या तारेवर कितव्या फ्रेटला बोट ठेवायचं ते. त्याच्या वाचकाने मत दिलं ते कानाने दिलं तितकंच बोटांनीही. जो सोलो जमवायला त्याला सहा महिने लागले, तो त्याला मोठा वाटणारच. आपल्या पोराला दहावीत पडलेले गुण आपल्याला बोर्डात आल्यासारखे वाटतात, तसंच हे. उलट २००६ मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅनेट रॉक या रेडिओने श्रोत्यांना विचारलं तेव्हा 'कम्फर्टेबली नम्ब' पहिलं आलं. हा सोलो त्या मानाने संथ आहे. तो वाजवणाऱ्याची बोटं कमी आणि ऐकणाऱ्याचा श्वास जास्त अडकवतो. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आली, आणि दोन्ही बरोबर आहेत, कारण विचारलेले प्रश्नच दोन वेगळे होते.

पण समजा मतदार एकाच प्रकारचे मिळाले, तरी पुढची अडचण सुटत नाही. 'सोलो' या एका शब्दाखाली आपण ज्या गोष्टी भरतो त्या जातीने वेगळ्या आहेत.

'स्टेअरवे'चा सोलो लेड झेपलिनच्या जिमी पेजने लंडनच्या आयलंड स्टुडिओत वाजवला. मंचावर हे गाणं म्हटलं की डोळ्यांसमोर त्याची दोन मानांची गिब्सन गिटार येते. पण रेकॉर्डवर वाजते ती गिटारवादक जेफ बेकने भेट दिलेली १९५९ची टेलिकास्टर गिटार. त्याने तीन वेळा सोलो वाजवला, तिन्ही ऐकले, एक ठेवला. उरलेले दोन कसे होते ते आपल्याला ठाऊक नाही. पुढे मैफलींत तो दर रात्री वेगळं वाजवायचा, कधी दुप्पट लांबवायचा. म्हणजे ज्याला आपण सर्वश्रेष्ठ म्हणून सोन्याच्या चौकटीत बसवलं, ते पेजच्या लेखी त्या दिवशीचं वादन होतं.

'कम्फर्टेबली नम्ब'ची पद्धत अगदी उलटी. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने पाच-सहा सोलो वाजवून घेतले. मग कागदावर मात्रांच्या चौकटी आखून कुठल्या सोलोचा कुठला तुकडा बरा आहे त्याच्या खुणा केल्या, आणि मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकत्या कळा, वर-खाली करत एका ध्वनिमुद्रणातून दुसऱ्यात उड्या मारत एक सलग सोलो शिवला. जगाने ज्याला हृदय फाडून आलेला उद्गार मानून डोळे पुसले, ती प्रत्यक्षात नीट बेतून शिवलेली गोधडी आहे. यात फसवणूक कसली? गोधडीची ऊब टाके दिसले म्हणून कमी होत नाही. पण तिची तुलना विंटरलँडच्या मंचावर एका दमात, मात्रा विसरत केलेल्या वादनाशी कशी करायची?

आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया'. हा किस्सा ईगल्सचा तेव्हाचा गिटारवादक डॉन फेल्डर स्वतः रंगवून सांगतो. १९७६ साली मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत तो आणि बँडचा दुसरा गिटारवादक जो वॉल्श शेवटचा सोलो वाजवायला बसले, नवीन काय सुचतंय ते बघू म्हणून सुरुवातही केली. गाणं म्हणणाऱ्या डॉन हेन्लीने हात वर केला: थांबा, डेमोच्या, म्हणजे आधीच्या कच्च्या ध्वनिमुद्रणाच्या, कॅसेटवर आहे तसंच हवं. पण कॅसेट होती मालिबूच्या घरी, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्यावर आपण काय वाजवलं होतं ते फेल्डर केव्हाच विसरला होता. त्याने घरी फोन लावला. घरकाम करणाऱ्या बाईंना कॅसेट शोधून टेपरेकॉर्डरमध्ये घालायला सांगितली आणि रिसीव्हर त्याच्यापुढे धरायला लावला. मग फोनमधून येणारं स्वतःचंच वादन ऐकून तो ते पुन्हा शिकला. गुरूही तोच, शिष्यही तोच, आणि मध्ये ट्रंक कॉलची खरखर. या सोलोत एकही सूर आयत्या वेळी सुचलेला नाही. ती बांधलेली बंदिश आहे, दोन गिटारींसाठी. आधी दोघं आळीपाळीने बोलतात, मग शेवटी हातात हात घालून उतरत्या पायऱ्या उतरतात. यात पहिला नंबर कोणाला द्यायचा? फेल्डरला, वॉल्शला, की हट्ट धरणाऱ्या हेन्लीला?

तीनांतून निवडलेला एक, टेबलावर शिवलेला एक, फोनवरून पाठ केलेला एक आणि सराव करताना चोरून टिपलेला एक. आपण यांना एकाच शर्यतीत उभं करतो आणि शिट्टी वाजवतो. ख्याल, ठुमरी, पोवाडा आणि रियाजाचे पलटे यांची एकत्र गुणवत्ता यादी कोणी लावली तर आपण त्याला चहा पाजून घरी पाठवू.

'स्टेअरवे' आठ मिनिटांचं गाणं आहे. ड्रम येईपर्यंतच चार मिनिटं उलटून जातात. त्या काळात अकूस्टिक गिटार आणि बासरीच्या जातीची रेकॉर्डर ही वाद्यं हळूहळू जिना चढत असतात, आणि सहा मिनिटं होत आली की बारा तारांच्या गिटारची तुतारी वाजते आणि सोलो फुटतो. पेज ए मायनरच्या पाच सुरांत खेळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर धानीचे सूर. पण मागची कॉर्ड एफवर गेली की तोही त्या पाचांबाहेरच्या एफवर, म्हणजे कोमल धैवतावर, येऊन टेकतो. त्या एका सुराने धानीचा मोकळेपणा जातो आणि गळ्यात काहीतरी दाटून येतं. ही जागा आहे. पण ती भावते कारण आधीची सहा मिनिटं आपण जिना चढून आलेलो असतो. तेवढाच तुकडा फोनवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत ऐकला तर तो कुशल वादनाचा नमुना वाटेल, फार झालं तर.

'कम्फर्टेबली नम्ब'चं तर गाण्याबाहेर पान हलत नाही. १९७७च्या दौऱ्यात फिलाडेल्फियाच्या कार्यक्रमाआधी पिंक फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्सच्या पोटात कळा येत होत्या. डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि त्या बधिरपणात त्याने कार्यक्रम रेटून नेला. त्या अनुभवातून 'द वॉल' या अल्बममधला प्रसंग आला: कोलमडलेल्या गायकाला डॉक्टर सुई टोचतो, कारण खेळ झालाच पाहिजे. गाण्यात सोलो दोन आहेत. पहिला डी मेजरमध्ये, गुंगी चढताना जो गोड हलकेपणा येतो तो त्यात आहे. दुसरा बी मायनरमध्ये, शेवटी. तोवर त्या माणसाला स्वतःचं काही बोलायचं उरलेलं नसतं, आणि मग गिटार बोलायला लागते. सूर तेच, कारण डी मेजर आणि बी मायनरचे सूर सारखेच. फक्त बसायची जागा, म्हणजे षड्ज, बदलली. पहिल्या सोलोवाचून दुसऱ्याचा अर्थ निम्मा होतो. यादीत मात्र 'दुसरा सोलो' असं कंसात लिहून विषय मिटवतात.

पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेल्या आणि तिथेच मित्रांबरोबर पहिला बँड काढलेल्या फारुख बलसारा ऊर्फ फ्रेडी मर्क्युरीने १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' रचलं, तेव्हा त्याच्या क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याला त्यात सोलोसाठी जेमतेम काही ओळींची जागा होती. मागे रडवेलं कबुलीजबाबाचं गाणं, पुढे ऑपेराचा गोंधळ. मेने गायनाची चाल पुन्हा वाजवण्याऐवजी तिला उत्तर देणारी छोटी वेगळी चाल बांधली. वडिलांबरोबर घरी जुन्या लाकडातून घडवलेली गिटार आणि पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं. त्या पूलवजा सोलोचं काम आपल्याला या काठावरून त्या काठावर नेणं एवढंच आहे. पूल किती उंच म्हणून कोणी गुण देत नाही, पण तो नसता तर आपण पाण्यात पडलो असतो.

गुणांच्या हिशोबात ज्यांचं दिवाळं निघतं असे सोलो तर मला विशेष प्रिय आहेत. नील यंगचं १९६९चं 'सिनमन गर्ल' घ्या. सोलोत तो एकच सूर धरतो आणि तोच वाजवत राहतो. दुसरं काही नाही. नर्व्हानाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'मध्ये कर्ट कोबेन कडव्याची चालच गिटारवर जशीच्या तशी म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला लीड मारता येत नाही. (आमच्याकडे सोलोला 'लीड' म्हणतात आणि तो वाजवत नाहीत, मारतात.) पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की त्या गाण्यात अवखळ तानबाजी आली असती तर गाण्याचा सगळा कंटाळलेला, चिडलेला आव खोटा पडला असता. ज्याला आपलं म्हणणंही धड सांगायचं नाही, त्याने गिटारवर तरी नवीन काय सांगावं?

इथपर्यंत कोणी म्हणेल, हा सगळा चवीचा मामला आहे, यात बिघडलं काय? याद्या निरुपद्रवी असत्या तर मीही हेच म्हटलं असतं. पण याद्या इतिहास लिहितात, आणि वाईट लिहितात.

रोलिंग स्टोन मासिकाने २००३ मध्ये शंभर महान गिटारवादकांची यादी काढली. ती सोलोंची नव्हे, वादकांची, पण जात तीच. तीत कर्ट कोबेन बारावा होता आणि एडी व्हॅन हेलन सत्तरावा. २०११ मध्ये त्यांनीच पुन्हा यादी केली, तर एडी आठवा आणि कोबेन त्र्याहत्तरावा. कोबेन १९९४ मध्ये गेला. मेल्यानंतर, नंबर मिळाल्यानंतर, आठ वर्षांत तो एकसष्ट पायऱ्या खाली कसा उतरला? गिटार वाजवणं तर त्याच्या हातात उरलं नव्हतं. २००३च्या यादीत बायका फक्त दोन: जोनी मिचेल बहात्तरावी, जोन जेट सत्त्याऐंशीवी. २०२३ साली अडीचशे नावांची यादी आली तेव्हा जोनी मिचेल नववी झाली, आणि आधी शंभरातही नसलेली सिस्टर रोझेटा थार्प एकदम सहावी. रोझेटा थार्प १९७३ मध्ये वारली. चर्चमधली भजनं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून तिने रॉकचा पाया घातला. १९६४ साली मँचेस्टरमध्ये एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनच्या भिजलेल्या फलाटावर, अंगात जाड कोट घालून, तिने वाजवलेलं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. त्या वीस वर्षांत तिच्या वादनात काही फरक पडला नव्हता. यादी करणाऱ्यांच्या कानांत पडला, आणि तो पडला याचा आनंदच आहे. पण मग हे आकडे गिटारवादकांचे कशाला म्हणायचे?

त्याच २००३च्या यादीत गायक-गिटारवादक प्रिन्स कुठेच नव्हता. सहा महिन्यांनी, मार्च २००४ मध्ये, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला मरणोत्तर मान दिला गेला. टॉम पेटी, जेफ लिन, स्टीव्ह विनवूड आणि हॅरिसनचा मुलगा धनी मिळून 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' वाजवत होते, आणि प्रिन्स लाल टोपी घालून जवळजवळ तीन मिनिटं एका कडेला उभा होता. मग तो पुढे आला. पुढचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना धनीचा हसू आवरत नसलेला चेहरा आठवेल. मूळ गाण्यात, १९६८ साली, सोलो होता क्लॅप्टनचा, आणि बीटल्सच्या अल्बमवर त्याचं नाव छापलेलंही नव्हतं.

वर्गवारीचा खेळही असाच चालतो. प्रिन्सला 'आर अँड बी' (रिदम अँड ब्लूज)च्या खणात टाकलं, फंकडेलिक बँडच्या एडी हेझलला 'फंक'च्या. १९७१च्या 'मॅगट ब्रेन'साठी बँडप्रमुख जॉर्ज क्लिंटनने हेझलला सांगितलं की तुझी आई गेल्याची बातमी आत्ताच कळली आहे असं समजून वाजव. त्यातून आलेलं दहा मिनिटांचं वादन इतकं भेदक होतं की क्लिंटनने बाकीची वाद्यं मिक्समध्ये जवळजवळ बुजवून टाकली. इलेक्ट्रिक गिटारवर याहून मोठा शोक मी ऐकलेला नाही. तो पहिल्या दहात नाही, कारण तो रॉकच्या दुकानात ठेवलाच नव्हता.

नाव मोठं असलं की दुसऱ्याचं कामही त्याच्या खात्यात जमा होतं, हा याच रोगाचा आणखी एक प्रकार. किंक्स या ब्रिटिश बँडचं 'यू रिअली गॉट मी' १९६४चं. सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला आणि तो फाटका, गुरगुरणारा आवाज काढला. त्यातला सोलो ओबडधोबड आहे, घाईत जिन्यावरून गडगडल्यासारखा. पण तो खरा वाजवला जिमी पेजने अशी अफवा वर्षानुवर्षं चालली. पेजने स्वतः नाही म्हटलं तरी चालली. पोरसवदा माणूस असं काही करू शकतो हे पचत नव्हतं. पेजचा नंबर वर, म्हणून हेही त्याचंच असणार. गंमत म्हणजे व्हॅन हेलनच्या अल्बमवर 'इरप्शन' संपतं आणि लगेच सुरू होतं ते हेच गाणं, 'यू रिअली गॉट मी'. दुसऱ्या नंबरचा सोलो आपल्या मूळ जागी, म्हणजे रेकॉर्डवर, त्या गुरगुरणाऱ्या पोराच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. पण सुटं 'इरप्शन' ऐकणाऱ्याला ते दार दिसत नाही.

एडीवरून आठवलं. मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'मधला सोलो त्याने एक पैसा न घेता वाजवला होता. १ नोव्हेंबर १९९६ रोजी जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात आला. तिथे जमलेल्या हजारोंच्या तोंडी मायकलचंच नाव होतं, आणि ते रास्तही होतं. पण त्याच्या जागतिक दौऱ्यांमधली गिटारवादक जेनिफर बॅटन, दोन्ही हातांनी टॅपिंग करणारी, म्हणजे तारांवर बोटं आपटून सूर काढणारी ती उभ्या केसांची बाई, किती जणांना आठवते?

माझ्या मित्रांपैकी एकाला माझं हे सगळं म्हणणं शुद्ध भोंदूपणा वाटतो. तो म्हणतो, 'क्रमांक नको तर वाद कशावर घालायचा? लता की आशा, गावसकर की तेंडुलकर, यांवर आख्खी पिढी पोसली गेली.' त्याचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. लता की आशा या प्रश्नाला उत्तर नाही हे वाद घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही तो वाद सुरू झाला की कोणीतरी उठून कपाटातून एखादी रेकॉर्ड काढतो, कुणी दुसऱ्या अंतऱ्यातली एक हरकत गुणगुणून दाखवतो, आणि एरवी कोणाच्या ध्यानात न आलेल्या चार जागा त्या संध्याकाळी सापडतात. वादाची कमाई ती. हजार लोकांची मतं गोळा करून सरासरी काढलेल्या यादीत नेमकी तीच गळून पडते: 'क्रमांक चार' छापून येतं, चार का ते येत नाही.

म्हणून मला निवड हवी आहे, आणि निवडणाऱ्याने सही करून, कारणासकट केलेली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी अवकाशात पाठवली, तिच्यावर साऱ्या पृथ्वीतून सत्तावीस संगीतरचना निवडायच्या होत्या. त्यात रॉकची एकच गेली, चक बेरीचं १९५८चं 'जॉनी बी. गूड', सुरुवातीलाच गिटारची ती झणझणीत हाक असलेलं. लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांचा विरोध होता, हे पोरकट संगीत आहे म्हणून. तबकडीची निवड करणाऱ्यांचे प्रमुख, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी उत्तर दिलं की पृथ्वीवर पोरं पुष्कळ आहेत. आणि त्याच तबकडीवर आहे गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. निवडीवर भांडणं झाली, कारणं दिली गेली, कोणी आत आलं, कोणी बाहेर राहिलं. पण केसरबाई कितव्या आणि चक बेरी कितवा, हे कोणी विचारलं नाही. दोघंही ताऱ्यांमधल्या अवकाशात निघून गेले आहेत.

चक बेरीची ती सुरुवातही मुळात लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगनने १९४६ मध्ये वाजवलेल्या एका सुरावटीवरून घेतलेली आहे. होगन कुठल्या यादीत कितवा आहे ते शोधत बसू नका.

यादी करणाऱ्याला मी एकच अट घालीन: गाण्याच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला तुझा जीव वर-खाली झाला आणि त्याच्या आधी काय चाललं होतं, ते लिही. क्रमांकाचा रकाना काढून टाक. यादी आखूड होईल, वाचायला जास्त वेळ लागेल, आणि तीत 'सिनमन गर्ल'चा एकुलता एक सूरही मान वर करून बसू शकेल.

माझी स्वतःची नोंद 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या अगदी शेवटची आहे. पुण्यातल्या होस्टेलवर आमच्या खोलीत एक टू-इन-वन होता आणि कोणाकडून तरी उतरवून घेतलेली कॅसेट. रेकॉर्डवर ते गाणं संपत नाही, विरत जातं. दोन्ही गिटारी एकमेकींच्या हातात हात घालून पायऱ्या उतरतच असतात आणि आवाज बारीक होत जातो. त्या पुढे कुठवर जातात ते आम्हाला ऐकायचं असायचं. म्हणून आवाज उतरेल तसतसं आमच्यातला एक जण नॉब वाढवत न्यायचा, अजून थोडा, अजून थोडा, शेवटी नुसती टेपची सरसर आणि तिच्या तळाशी गिटार आहे की आपल्याला भास होतोय ते कळेनासं व्हायचं. तेवढ्यात पुढचं गाणं पूर्ण आवाजात अंगावर कोसळायचं, आणि खालच्या मजल्यावर रेक्टर जागे व्हायचे.